काम आणि मनाची उभारी

(केंद्राच्या शिक्षण परिषदेत वाचून चर्चा करण्यासाठी अभ्यासपाठ)

१. प्रश्न कोणता ?

आषाढात मुरबाड व शहापूर तालुक्यांच्या खाचरांतून भाताची आवणी चालू असते. त्या दिवसांत थोडा वेळ बांधावर उभे राहिले, तर एक गोष्ट ध्यानात आल्यावाचून राहत नाही. दुसऱ्याच्या शेतावर रोजाने गेलेला मनुष्य मधूनमधून मान वर करून दिवस किती राहिला ते पाहतो. तोच मनुष्य दुसऱ्या दिवशी सावडीने शेजाऱ्याच्या खाचरात उतरला, म्हणजे अंगावर पाऊस घेत, थट्टामस्करी करीत, दिवस मावळण्यापूर्वी खाचर आवरून मोकळा होतो. हात तेच, चिखल तोच, रोपही तेच. मग फरक कशाने पडला ?

रोजाने जाणारा आळशी असतो, हे याचे उत्तर नव्हे. कारण मनुष्य एकच आहे. सावडीत आजचे श्रम उद्या आपल्या शेतात परत येणार, हे त्याला दिसत असते. सोबतीचे लोक त्याचे काम पाहत असतात व त्याची किंमत जाणतात. कोणते खाचर आधी घ्यावयाचे, हे ठरविण्यात त्याचाही शब्द असतो. फळ दिसणे, कदर होणे आणि आपल्या बुद्धीस वाव असणे, ह्या तीन गोष्टी तेथे एकत्र येतात.

हाच प्रश्न आपण आपल्या व्यवसायाविषयी विचारावयाचा आहे. शिक्षकाचे मन कामात कशाने लागते व कशाने उडते ? हा केवळ शिक्षकाच्या सुखदुःखाचा प्रश्न नाही. शिक्षणहक्क अधिनियम, २००९ प्रमाणे ६० पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक मिळतात, आणि आपल्या पाड्यांवरील पुष्कळ शाळा ह्याच मापाच्या आहेत. मोठ्या शाळेत एकाची उदासीनता इतरांच्या उत्साहात झाकून जाते. द्विशिक्षकी शाळेत मात्र एकाचे मन उडाले, तर हजेरीपट पूर्ण असूनही अर्धी शाळा बंद पडल्यासारखी होते. त्याची झळ मुलांना लागते. आणि ज्या मुलांना घरी अक्षर दाखविणारे कोणी नाही, त्यांना ती सर्वांत अधिक लागते.

२. सक्तीचे काम आणि डोळ्यांआड गेलेला हिशेब

सक्तीने हात हलविता येतात, मन हलविता येत नाही, ह्याची साक्ष आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातच आहे. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव-डहाणू भागात (यांपैकी महाराष्ट्रात राहिलेला भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो) लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे घेणारा वारली तरुण ‘लग्नगडी’ होई. त्या पैशांच्या फेडीसाठी तो व त्याची बायको वर्षानुवर्षे धन्याच्या घरी राबत आणि तरी फेड पुरी होत नसे. जानेवारी १९४५ मध्ये कल्याण तालुक्यातील टिटवाळा येथे किसान सभेची परिषद भरली. तिला तिकडील वारली आले होते. त्याच वर्षी वेठ व लग्नगडीची चाल यांविरुद्ध त्यांनी उठाव केला. गोदावरी परुळेकर यांनी ती हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात सांगितली आहे. पुढे १९७६ च्या अधिनियमाने वेठबिगारीची पद्धत साऱ्या देशात रद्द ठरली.

कायदा झाला, तरी त्या दुःखाचे मूळ सर्वस्वी नाहीसे झाले असे म्हणता येत नाही. दिवाळीनंतर आपल्या वाड्यावस्त्यांवरील अनेक कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याणच्या बाजूस वीटभट्ट्यांवर जातात व पावसाच्या तोंडावर परततात. जाण्यापूर्वी उचल घेतलेली असते. मजुरी हजार विटांमागे ठरते, आणि हिशेब बहुधा हंगामाच्या शेवटी होतो. विटा किती पडल्या, किती फुटल्या, उचलीपोटी किती कापले गेले, हे लिहितावाचता न येणाऱ्या माणसास पडताळून पाहता येत नाही. काम कष्टाचे असले तरी मनुष्य ते करतो. परंतु श्रम आणि फळ यांमधील हिशेब डोळ्यांआड गेला, म्हणजे त्याची उभारी टिकत नाही.

ह्या उदाहरणातून आपल्याला दोन गोष्टी घ्यावयाच्या आहेत. त्या कुटुंबातील मुलाला आपण जी बेरीज-वजाबाकी शिकवितो, ती उद्या त्याच्या घरचा हिशेब उजेडात आणणारी आहे. आपल्या कामाची थोरवी ह्यापरती दुसरी कोणती? आणि दुसरी गोष्ट अशी की, शिक्षकालाही आपल्या श्रमांचा हिशेब दिसला पाहिजे. तो न दिसल्यास त्याचेही मन तसेच थकते.

३. महात्मा फुले यांची मागणी

शिक्षकाच्या उभारीचा विचार महाराष्ट्रात नवा नाही. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन ठेवले, त्यात प्राथमिक शिक्षकाविषयी स्पष्ट सूचना होत्या. शिक्षक प्रशिक्षित असावेत; त्यांचा पगार दरमहा १२ रुपयांहून कमी नसावा व मोठ्या गावांत तो १५ ते २० रुपये असावा, असे त्यांनी सुचविले. पण ते पगारावरच थांबले नाहीत. गावच्या हिशेबाची तपासणी, दस्तांची नोंदणी, टपालाचे काम किंवा मुद्रांकविक्री यांसारखी जबाबदारी शिक्षकास दिल्यास गावात त्याची प्रतिष्ठा वाढेल आणि लोकांवर त्याचा चांगला परिणाम होईल, असे त्यांचे म्हणणे होते. अधिक मुले उत्तीर्ण करणाऱ्या शिक्षकास पगाराशिवाय विशेष भत्ता द्यावा, अशीही त्यांची सूचना होती. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातील, लोकांत मिसळणारा आणि प्रसंगी नांगराचा रुमणा धरण्यास न लाजणारा असावा, असे त्यांना वाटे.

पोटाची सोय, गावातील मान, चांगल्या कामाची कदर आणि लोकांशी नाते, ह्या चारही गोष्टी फुले यांनी एकत्र मागितल्या, हे लक्षात घेतले पाहिजे. एक दिली म्हणून दुसरी टाळावी, असे त्यांनी कोठेही सुचविलेले नाही.

४. नाराजी व समाधान यांची मापे वेगळी

पुढे १९५९ साली अमेरिकेत फ्रेडरिक हर्झबर्ग व त्यांचे दोन सहकारी यांनी कामाच्या प्रेरणेवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. पिट्सबर्ग भागातील सुमारे २०० अभियंते व हिशेबनीस यांना त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या : कामावर अतिशय आनंद वाटला असा प्रसंग सांगा, आणि अतिशय वाईट वाटले असा प्रसंग सांगा. उत्तरे पाहता असे दिसले की, आनंदाच्या प्रसंगांची कारणे व दुःखाच्या प्रसंगांची कारणे बहुतांशी निरनिराळी आहेत. काही तडीस नेले, कोणी त्याची दखल घेतली, कामच मनाजोगते होते, जबाबदारी मिळाली, पुढे जाता आले, ही आनंदाची कारणे होती. जाचक नियम, देखरेखीची रीत, वेतन, आपसांतील संबंध व कामाच्या जागेची स्थिती, ही दुःखाची कारणे म्हणून पुढे आली.

त्यावरून हर्झबर्ग यांनी सिद्धान्त मांडला की, नाराजी दूर होणे म्हणजे समाधान मिळणे नव्हे. छप्पर गळावयाचे थांबले म्हणून मुलांस वाचता येऊ लागत नाही. पण छप्पर गळत असेल, तर वाचनाचा पाठ घेताच येत नाही. ह्या सिद्धान्तावर पुढे आक्षेपही घेण्यात आले. मनुष्य यशाचे श्रेय स्वतःकडे घेतो आणि अपयशाचा दोष परिस्थितीवर टाकतो, तेव्हा अशा आठवणींवरून काढलेला निष्कर्ष पुरता निर्दोष मानता येत नाही, हा त्यांतील प्रमुख आक्षेप होय. तो ध्यानात ठेवूनही, विचारासाठी ही विभागणी उपयोगी आहे.

आपल्या तालुक्यांकडे ह्या दृष्टीने पाहू. आसनगाव, आटगाव, खर्डी वा कसारा ह्या स्थानकांवर सकाळच्या गाडीने उतरून पुढे डोंगराकडील पाड्यापर्यंत जाणारा शिक्षक, किंवा कल्याणहून एस.टी.ने मुरबाड गाठून टोकावडे, धसई, म्हसा यांच्या पलीकडे जाणारी शिक्षिका, शाळेची घंटा होण्यापूर्वीच अर्धी दमलेली असते. तानसा व भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात असून त्यांचे पाणी मुंबईस जाते. तथापि उन्हाळ्यात तालुक्यातील अनेक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, आणि शाळेतील माठही त्याच टँकरवर अवलंबून असतो. ऑनलाइन माहिती भरावयाची तर डोंगराच्या कुशीत रेंज मिळत नाही. शिक्षणहक्क अधिनियमाने जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकांस देऊ नयेत असे सांगितले आहे. परंतु माहिती, तक्ते व छायाचित्रे पाठविण्यातच दिवस गेला, अशी तक्रार शिक्षकांच्या तोंडी वारंवार ऐकू येते. नव्याने लागलेल्या शिक्षण सेवकास पहिली तीन वर्षे मानधनावर काढावी लागतात. प्राथमिक शाळेतील हे मानधन अनेक वर्षे दरमहा ६००० रुपये होते. २०२३ पासून ते १६,००० रुपये झाले.

ह्या साऱ्या नडी आहेत. त्या दूर केल्याने शिक्षक उत्साही होईलच असे नाही. पण त्या तशाच ठेवून त्याच्याकडे उत्साह मागणे न्यायाचे होणार नाही.

बदलीचा विचारही येथेच केला पाहिजे. २०१७ च्या धोरणाने शाळांची ‘अवघड’ व ‘सर्वसाधारण’ क्षेत्रांत विभागणी झाली आणि अवघड क्षेत्रात तीन वर्षे काढलेल्यास बदली मागण्याचा अधिकार मिळाला. कष्टाची वाटणी सर्वांत व्हावी हा त्यातील हेतू रास्त आहे. तथापि एखाद्या पाड्याची ओळख ‘अवघड’ एवढ्या एकाच शब्दाने होऊ लागली, की तेथे गेलेला शिक्षक पहिल्या दिवसापासून दिवस मोजू लागतो. तीन वर्षांत पहिलीतले मूल चौथीत जाते. तेवढ्या अवधीत आपल्या हातून एक पिढी वाचती होऊ शकते, हे त्याच्या मनात भरविणे मुख्याध्यापक व केंद्रप्रमुख यांचे काम आहे.

५. बक्षिसाचा गुण व दोष

मग बक्षिसे द्यावीत, हा सोपा उपाय सुचतो. त्याविषयी दोन अनुभव ध्यानात ठेवावेत.

इंग्लंडमध्ये १८६२ साली शाळांचे अनुदान मुलांच्या हजेरीवर आणि तपासनिसाने घेतलेल्या वाचन, लेखन व गणिताच्या परीक्षेवर बेतण्यात आले. परिणाम असा झाला की, शिक्षक मुलांकडून तेवढाच भाग घोकून घेऊ लागले. कवी व शाळा-तपासनीस मॅथ्यू आर्नल्ड यांनी ह्या पद्धतीस विरोध केला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती सोडून देण्यात आली.

दुसरा अनुभव अमेरिकेतील एका बालशाळेतला, १९७३ साली प्रसिद्ध झालेला आहे. चित्रे काढण्याची आवड असलेल्या मुलांचे तीन गट करण्यात आले. पहिल्या गटास चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगितले व तसे दिले. दुसऱ्या गटास ते न सांगता दिले. तिसऱ्या गटास काहीच दिले नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळात पाहिले, तेव्हा पहिल्या गटातील मुले इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रे काढीत होती. जे काम आवडीने होत होते, ते बक्षिसासाठी करावयाचे काम झाले. बक्षीस संपताच गोडीही ओसरली.

मग फुले यांची विशेष भत्त्याची सूचना चुकीची होती काय ? तसे वाटत नाही. त्यांनी आधी पुरेसा व कायम पगार मागितला आणि त्याशिवाय भत्ता सुचविला. इंग्लंडमध्ये अनुदानच परीक्षेवर टांगले गेले. ताटातली भाकरी आणि सणाचा गोड घास ह्यांत जो भेद आहे, तोच येथे आहे. बक्षीस हे झालेल्या कामाची कदर म्हणून यावे. काम करवून घेण्याचा चाबूक म्हणून येऊ नये. आदर्श शिक्षक पुरस्कारांपासून वर्गातील ताऱ्यांच्या चिकटचित्रांपर्यंत सर्वांस हा नियम लागू आहे.

६. स्वतःच्या बुद्धीने घेतलेले काम

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले व पुढे ते डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसले, तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली. त्यातून अंगणवाडीची कल्पना रुजली. मोठी मुले गुरांमागे जातात असे दिसले, तेव्हा शाळा कुरणात भरविली, तीच कुरणशाळा. असे करा, हे त्यांना कोणत्याही परिपत्रकाने सांगितले नव्हते. अडचण समोर होती, ती सोडविण्याची मोकळीक त्यांनी घेतली होती, आणि उपाय लागू पडतो की नाही हे रोज डोळ्यांनी दिसत होते.

याहून जवळचे उदाहरण आपल्या मुरबाड तालुक्यातील फांगणे गावचे. २०१६ च्या फेब्रुवारीत शिवजयंतीच्या वेळी गावातील वृद्ध स्त्रियांनी, आम्हालाही वाचता आले असते तर बरे झाले असते, अशी इच्छा बोलून दाखविली. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती मनावर घेतली. गावकऱ्यांचे साहाय्य व मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टचा हातभार मिळून त्याच वर्षी ८ मार्च रोजी, म्हणजे जागतिक महिला दिनी, ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी लुगडे नेसून, पाठीला दप्तर लावून, दुपारी दोन ते चार ह्या वेळेत पाटी-पेन्सिल घेऊन बसू लागल्या. शिकविण्याचे काम गावातीलच एका सुनेने हाती घेतले.

ह्या आज्यांना कोणती परीक्षा द्यावयाची होती ? कोणती नोकरी मिळवावयाची होती ? तरीही घरची कामे आटोपून त्या येत असत. जन्मभर जेथे अंगठा उठविला, तेथे आपल्या हाताने सही करावी. पोथीतले अक्षर आपल्या डोळ्यांनी वाचावे, एवढेच फळ त्यांना हवे होते आणि ते दिवसेंदिवस पाटीवर उमटताना दिसत होते. बरोबरीच्या मैत्रिणी शेजारी होत्या. गणवेशाने गावात एक नवा मानही मिळाला होता. आवणीच्या सावडीत पाहिलेल्या गोष्टीच येथे पुन्हा भेटतात. ज्या शिक्षकाने हा उद्योग उभा केला, त्याच्याही नेमणुकीच्या आदेशात आज्यांना शिकविण्याचे काम लिहिलेले नव्हते. गावाची एक इच्छा ऐकून ती आपल्या कामाशी जोडण्याची मोकळीक त्याने घेतली. देशोदेशीच्या वृत्तपत्रांनी दखल घेतली ती मागाहून. उभारी आधीच आली होती.

७. एक सावधगिरी

अशी उदाहरणे वाचून एक चुकीचा निष्कर्ष काढला जाण्याचा संभव असतो : ‘खरा शिक्षक असेल तर त्याला सोयी लागत नाहीत.’ हे म्हणणे ऐकावयास उदात्त, परंतु परिणामी घातक आहे. वेतन वेळेवर न देता निष्ठेचे गुणगान करणे, शिक्षिकांसाठी स्वच्छतागृह न बांधता त्यांच्या त्यागाची प्रशंसा करणे, ही कदर नव्हे. निष्ठा ही देणाऱ्याची असते. घेणाऱ्याने ती गृहीत धरावयाची नसते.

तद्वतच उलट बाजूही तितकीच खरी आहे. सर्व नडी दूर झाल्यावर मन लावीन, असे ठरवून जो शिक्षक थांबतो, त्याचा काळ थांबत असला तरी मुलाचा थांबत नाही. सात वर्षांचे मूल वीटभट्टीवरून जूनमध्ये परत येते, ते पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा जाण्यासाठी. मधले चार-पाच महिने एवढीच त्याची शाळा. नडीविषयी भांडत असतानाच ते महिने वाया जाऊ न देणे, हे आपल्या व्यवसायाचे शील आहे.

८. केंद्रात करता येण्याजोगे

वरिष्ठांच्या आदेशाची वाट न पाहता पुढील गोष्टी प्रत्येक केंद्रास करता येतील.

(१) फळ दिसावे : वर्षारंभी प्रत्येक मुलाच्या हातचे चार ओळींचे लेखन जपून ठेवावे व पौषात त्याच मुलाकडून पुन्हा लिहून घेऊन दोन्ही कागद शेजारी ठेवावेत. हे कागद वर पाठविण्यासाठी नाहीत. शिक्षकाने, मुलाने व पालकाने पाहण्यासाठी आहेत.

(२) कदर व्हावी : शाळाभेटीच्या वेळी केंद्रप्रमुखाने शेरेपुस्तकात दोष लिहिण्यापूर्वी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलेली एक चांगली गोष्ट नेमकी नोंदवावी. ‘काम समाधानकारक’ ह्या ठरीव शब्दांनी कोणासही समाधान होत नाही.

(३) बुद्धीस वाव मिळावा : आवणीच्या दिवसांत मुलांची हजेरी कशी राखावी, भट्टीवर निघालेल्या मुलाच्या हाती शिक्षण हमी पत्रकाबरोबर कोणता अभ्यास द्यावा, त्याला आजी-आजोबांपाशी ठेवता येईल काय, हे शाळेने व गावाने मिळून ठरवावे.

(४) नडींची वाटणी करावी : गावात सुटणाऱ्या, तालुक्यात सुटणाऱ्या व जिल्ह्याकडे पाठवावयाच्या, अशा तीन याद्या कराव्यात. पाठविलेल्या प्रत्येक नडीचे उत्तर, मग ते नकाराचे का असेना, पुढील परिषदेत वाचून दाखवावे. उत्तर न मिळणे हे नकारापेक्षाही अधिक मन मोडणारे असते.

(५) नवागतास सोबत द्यावी : नव्या शिक्षण सेवकास पहिले सहा महिने एका अनुभवी शिक्षकाची जोड द्यावी. एकट्याने चढलेला डोंगर अधिक उंच वाटतो.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या नोकरीत अतिशय आनंद वाटला असा एक प्रसंग व अतिशय वाईट वाटले असा एक प्रसंग प्रत्येकाने लिहावा. दोहोंची कारणे एकाच प्रकारची आहेत की निराळी ?

२. आपल्या शाळेतील कोणते बक्षीस कदर म्हणून दिले जाते, आणि कोणते चाबूक म्हणून ?

३. महात्मा फुले यांनी १८८२ साली मागितलेल्या चार गोष्टींपैकी आपल्या गावात आज कोणती पूर्ण झाली आहे व कोणती अपुरी आहे ?

४. फांगणे येथील शाळा एका इच्छेतून निघाली. आपल्या पाड्यावरील लोकांनी बोलून दाखविलेली, पण शाळेने अद्याप न ऐकलेली अशी इच्छा कोणती ?

५. येत्या महिन्यात आपल्या शाळेत स्वतःच्या निर्णयाने बदलता येईल अशी एक गोष्ट निवडावी, आणि पुढील परिषदेत तिचे काय झाले ते सांगावे.